पुनर्विकासात जुनी झाडं वाचवायची तर आधी तळघराची रेषा बघा

ताई, तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरलाय, आवारातला वर्षावृक्ष, दोन आंबे आणि फाटकाजवळचा उंबर जाणार, बिल्डर म्हणतो "परवानगी काढतोय, बदल्यात रोपं लावू", आणि आता हरकत घेऊन उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल. पण हरकतीच्या आधी इमारतीचा नकाशा मागून घ्या आणि त्यात तळघर कुठपर्यंत जातं ते बघा. जुनी झाडं बहुतेक कुंपणाच्या कडेला असतात, म्हणजे ती इमारतीत फारशी येत नाहीत. ती येतात पार्किंगमध्ये. गाड्यांसाठी तळघर थेट कुंपणापर्यंत ओढलं की झाडाला माती उरतच नाही.

आमचा वर्षावृक्ष कागदावर वाचला होता. नकाशात त्याच्याभोवती हिरवं वर्तुळ होतं, ते बघून आम्ही निर्धास्त झालो. खोदाई सुरू झाली आणि खोडापासून चार फुटांवर येऊन थांबली. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहून बघितलं. जेसीबीच्या दातांनी मांडीएवढी मुळं फाडली होती, त्यांची पांढरी ओली टोकं मातीच्या भिंतीतून बाहेर आली होती. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. ती एका बाजूने गेली की झाड पुढची काही वर्षं हिरवं दिसतं, पण त्याची पकड गेलेली असते. दुसऱ्या पावसाळ्यात आमचं झाड कललं, मग ते 'धोकादायक' ठरलं आणि रीतसर परवानगीने तोडलं गेलं. म्हणून विकास करारनाम्यात 'झाडे जतन केली जातील' एवढ्यावर समाधान मानू नका. कोणतं झाड, खोडापासून किती मीटरपर्यंत खोदाई नाही, आणि काम चालू असताना भोवती पत्र्याचं कुंपण, हे शब्दांत लिहून घ्या. करारावर सह्या होईपर्यंतच सभासदांचं म्हणणं वजनदार असतं.

आता कायदा. आपल्याकडे 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यानुसार झाड जाळणं किंवा त्याला इजा करणं हेसुद्धा तोडणंच धरलं जातं. 2021 च्या दुरुस्तीत 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'प्राचीन वृक्ष' (हेरिटेज ट्री) ठरलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याचं बंधन आलं. रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षं जगवायची असतात. म्हणून वयावर लक्ष ठेवा. बिल्डरच्या झाडतोडीच्या अर्जात वर्षावृक्ष 25 वर्षांचा लिहिलेला असेल आणि तुमच्या सासूबाईंना तो लग्नाच्या वेळचा आठवत असेल, तर जुने फोटो शोधा. सोसायटीच्या पहिल्या गणेशोत्सवाच्या फोटोत झाड दिसत असेल तर त्यासारखा पुरावा नाही. शिंप्याची टेप घेऊन छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण 1.37 मीटरवर, खोडाचा घेर मोजा आणि अर्जातल्या आकड्याशी ताडून बघा. आमच्याकडे उंबराची नोंद 'जंगली झाड' अशी होती.

झाड तोडण्याची नोटीस वर्तमानपत्रात आणि झाडावरही लागावी लागते. रोज झाडाभोवती एक फेरी मारा, कारण कागद बरेचदा कुंपणाच्या बाजूला चिकटवलेला सापडतो. तारखेसह फोटो काढा. हरकतीला बहुधा 7 दिवस मिळतात, आणि माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर यायला 30. त्यामुळे वृक्ष प्राधिकरणाकडचा (झाडतोडीची परवानगी देणारी महापालिकेची समिती) अर्ज, झाडांचा सर्व्हे आणि नकाशा यांसाठी माहिती अधिकार आजच टाका, नोटिशीची वाट बघू नका. हरकत लिहिताना "झाडं आपली आई आहेत" असं लिहावंसं वाटतं, मलाही वाटायचं. पण तळघर पश्चिमेकडून तीन मीटर आत घेतलं तर वर्षावृक्ष आणि उंबर दोन्ही राहतात, असं मापासह लिहिलेलं पत्र सुनावणीत बाजूला सारणं अवघड जातं. एखादा तरुण आर्किटेक्ट असं रेखाटन आनंदाने करून देतो.

"झाड दुसरीकडे हलवू" म्हणाले तर झाडाचं नाव विचारा. वड, पिंपळ, उंबर हलवले तरी तग धरू शकतात. तुमच्या आंब्यांचं सोटमूळ खोल असतं, एवढे मोठे आंबे उपटून लावले की बहुधा वाळतात. आणि हलवायचंच तर काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने चर खणून मुळं छाटावी लागतात. एका दिवसात क्रेन लावून ते काम होत नाही.

परवानगी दिल्यानंतरही काही दिवस झाड तोडता येत नाही, त्या मुदतीतच अपील किंवा न्यायालय. मुंबईत आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायची होती, तिथे 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. तुमचा वकील आधीच ठरलेला असू द्या, आणि शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ आवारात कोणीतरी जागं असू द्या.

नकाशा हातात आला की तळघराचं आणि झाडांचं माप इथे लिहा. मी बसून बघतो.