यादवांवरची कादंबरी आणि न मिळणारा ताम्रपट

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. देवगिरीच्या यादवांवर कादंबरी लिहायला घेतलीय, महादेवरायापर्यंत आलात आणि आता त्याचा मुलगा अम्मण याच्या प्रकरणाशी गाडी अडलीय. कारण काय, तर अम्मणाकडून गादी घेणाऱ्या रामदेवरावाचा शके १२३२ चा ताम्रपट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे लिहायचं नाही असं तुम्ही ठरवलंय, आणि एक कार्यालय तुम्हाला उंबरा ओलांडू देत नाही. शेवटी विचारलंय, "यादव सोडून पेशवाईकडे वळू का? पुण्यात निदान कागद तरी मिळतात."

नका वळू. का ते लिहितो, जरा लांबेल.

आधी सांगून ठेवतो की मी इतिहासाचा माणूस नाही. बँकेत नोकरी करतो, एक कादंबरी छापून आलीय, दुसरी खणात आहे. खाली जे लिहिलंय ते माझ्या अनुभवातून आलेलं मत आहे. अभ्यासकांनी खोडून काढलं तर त्यांचं ऐका. यादव कोण, राजधानी सिन्नरहून देवगिरीला कशी आली, मोडी शिकावी का (यादवांसाठी नको, त्यांचे लेख नागरीत आहेत, दक्षिणेकडे कानडीत), यात शिरत नाही. महादेवरायापर्यंत पोचलात म्हणजे ते सगळं तुम्हाला येतंच.

आता कार्यालय. तुमचं आणि माझं एकच आहे की दोन वेगळी, देव जाणे. नाव मी लिहिणार नाही, तुम्हीही इथे लिहू नका. मला एका कोरीव लेखाचा शाईचा ठसा (लेखावर कागद दाबून घेतलेली नक्कल) बघायचा होता. खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, "कशासाठी?" म्हटलं, "कादंबरीसाठी." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कादंबरी? ती तर मनानंच लिहितात ना? मग ठसा कशाला लागतो?" यावर काय बोलणार? मग सुरू झालं. मार्गदर्शकाचं पत्र आणा. मी कुणाचा विद्यार्थी नाही, तर मार्गदर्शक कुठून आणू? ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, तुमची नोंदणी नाही, मी कसं लिहून देऊ? बरोबरच होतं त्यांचं. मग साध्या कागदावर अर्ज. मग तोच अर्ज त्यांच्या नमुन्यात. मग साहेबांची बदली झाली, आणि नव्या साहेबांच्या नावानं पुन्हा पहिल्यापासून. शुल्क भरायचं तर डिमांड ड्राफ्टनंच. मी स्वतः बँकेतला, माझ्याच शाखेतून तो काढून नेला, तर म्हणे "यांच्या नावे" चालत नाही, "त्यांच्या नावे" हवा. पावसाळा गेला, दिवाळी गेली, परीक्षांचा मोसमही गेला.

आणि अखेर उलगडा कुठे झाला? बाहेरच्या टपरीवर चहा पिताना. तिथूनच निवृत्त झालेले एक आजोबा पेन्शनच्या कामाला आले होते. लेखाचं नाव ऐकून म्हणाले, "अहो, तो तर कधीच छापलाय. 'एपिग्राफिया इंडिका'त, त्या कोरीव लेखांच्या मालेत बघा की." ज्या खिडकीसमोर मी उभा राहायचो, तिच्या आत, त्या गृहस्थांच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं आणि त्यात त्याच मालेचे खंड ओळीनं लावलेले होते, कण्यावर सोनेरी अक्षरं. कुलूप अर्थातच होतं. एवढ्या महिन्यांत "हे छापील बघितलंय का?" असं एकही माणूस बोलला नाही. त्या रात्री घरी बसून इंटरनेट अर्काइव्हवर तो खंड उघडला. मूळ पाठ, भाषांतर, ठशाचं छायाचित्र, सगळं फुकट. दरम्यान ज्या प्रकाशकांनी मला शब्द दिला होता, त्यांनी वय झालं म्हणून व्यवसाय आवरता घेतला. खणातली दुसरी कादंबरी ती हीच. हा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे वरच्या परिच्छेदात काही तिखट झालं असेल तर सोडून द्या.

तुमचा ताम्रपटही छापलेला आहे. पुरुषोत्तमपुरीचा म्हणून शोधा, त्याच मालेच्या पंचविसाव्या खंडात. मराठी शिलालेखांसाठी शं. गो. तुळपुळ्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' आहे, १९६३ साली पुणे विद्यापीठानंच काढलेलं. कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात असतं, आणि वाचायला कुणाची सही लागत नाही.

पण खरं सांगायचंय ते पुढेच आहे. समजा उद्या त्या कार्यालयानं ताम्रपट तुमच्या हातात दिला. त्यातून तुम्हाला मिळणार काय? शके १२३२ चा भाद्रपद म्हणजे इ.स. १३१०. रामदेवरावानं अम्मणाकडून गादी घेतली १२७१ मध्ये. म्हणजे त्या घटनेला जवळपास चाळीस वर्षं होऊन गेल्यावर, जिंकलेल्याच्या पदरी असलेल्या कवीनं लिहिलेली ही स्तुती आहे. यात रामदेवरावानं म्लेच्छांच्या हातून वाराणसी सोडवल्याचं, तिथे विष्णूचं मंदिर बांधल्याचं येतं. आणि १३१० साली राजाची खरी स्थिती काय होती? तीनच वर्षांपूर्वी दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर त्याला धरून दिल्लीला घेऊन गेला होता. तिथून 'रायरायान' हा किताब घेऊन तो परतला तो खंडणी देणारा मांडलिक म्हणून. ताम्रपट कोरला गेला त्यानंतर काही महिन्यांतच होयसळांच्या द्वारसमुद्राकडे निघालेल्या काफूरच्या सैन्याला देवगिरीत मदत मिळाली. एकीकडे तांब्यावर वाराणसी आणि दुसरीकडे दिल्लीच्या फौजेला रसद! ताई, तुमचं प्रकरण यात आहे. अम्मणाचं काय झालं याचा पुरावा म्हणून ताम्रपटाकडे बघू नका. म्हातारा राजा आपल्याबद्दल काय ऐकू इच्छित होता याचा पुरावा म्हणून बघा. मग तो कार्यालयात बघितला काय आणि मोबाईलवर बघितला काय.

मध्ययुगीन राजघराण्यावर लिहिताना मी प्रत्येक हकिकतीपुढे एकच गोष्ट लिहून ठेवतो: सांगणारा कोण, आणि घटनेनंतर किती वर्षांनी सांगतोय. अल्लाउद्दीननं १२९६ मध्ये देवगिरीला घातलेल्या वेढ्यातली ती धान्याऐवजी मिठाची पोती निघाल्याची गोष्ट घ्या. प्रत्येक कादंबरीकाराला ती हवीच असते, मलाही हवी होती. ती सांगतो फारसी इतिहासकार फिरिश्ता, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे तीनशे वर्षांनी. वापरू नका असं म्हणत नाही. पण ती एखाद्या पात्राच्या तोंडी अफवा म्हणून आली तर शोभते, निवेदकानं छातीठोकपणे सांगितली तर डोळ्यांवर येते. याउलट इसामी हा फारसी कवी-इतिहासकार. त्यानं १३५० मध्ये लिहिलं, म्हणजे घटनेनंतर पन्नासेक वर्षांनी, आणि तेही दख्खनमध्ये बसून. अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला तेव्हा वाटेत लासूरच्या बाजूला कान्हा नावाच्या यादवांच्या अधिकाऱ्यानं त्याला अडवलं, आणि कान्हाच्या बाजूनं दोन शूर स्त्रिया लढल्या, असं तो लिहितो. नावं देत नाही. शत्रुपक्षाच्या माणसाला त्या दोघींचं कौतुक करावंसं वाटलं! माझ्या ओळखीच्या कुणी यावर अजून कादंबरी लिहिलेली नाही. तुम्हाला "यादवांच्या बायका कागदात सापडतच नाहीत" हे वाटतंय ना, तर सुरुवात इथून करा. राजवाड्यातल्या स्त्रियांसाठी महानुभाव पंथाचं वाङ्मय बघा. रामदेवरावाची राणी कामाइसा तिथल्या आठवणींत येते. 'लीळाचरित्रा'तली माणसं बोलतात, जेवतात, रुसतात, वाट चुकतात. एवढी जवळून टिपलेली तेराव्या शतकातली मराठी माणसं दुसरीकडे मिळायची नाहीत.

हे सांगताना दुसरी बाजूही लक्षात ठेवा. महानुभावांच्या बाजूनंही ओढाताण आहेच. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याबद्दल ते जे लिहितात ते वैऱ्याबद्दल लिहिल्यासारखं आहे. पण हेमाद्री! मला तुमची कादंबरी लिहायची असती तर मी त्यालाच मध्ये बसवला असता. 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडात यादवांची वंशावळ देऊन तो महादेवरायाची स्तुती करतो. मग महादेव वारतो, त्याचा मुलगा अम्मण गादीवर बसतो, चुलतभाऊ रामदेव (महादेवाचा भाऊ आणि आधीचा राजा कृष्ण याचा मुलगा, ज्याला बाजूला सारून महादेव राजा झाला होता) परत येऊन गादी घेतो. नटांच्या मेळ्याच्या वेषात तो गडात शिरला आणि पुढे अम्मणाचे डोळे काढले, असं परंपरा सांगते. आणि हेमाद्री? तो जागेवरच. आधी महादेवाचा श्रीकरणाधिप (दफ्तराचा प्रमुख), नंतर ज्यानं महादेवाच्या मुलाला आंधळं केलं त्याचाही. त्या रात्री हा माणूस कुठे होता, हे कुठल्याच ताम्रपटात नाही. तुम्ही लिहाल तेच. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

वयांचा हिशेब मात्र पक्का करा. कृष्ण वारला १२६१ च्या आसपास. तेव्हा रामदेव लहान असणार, नाहीतर चुलता गादीवर कसा बसता? म्हणजे १२७१ ला तो ऐन तारुण्यात आणि १२९६ च्या स्वारीत पंचेचाळीसच्या आगेमागे. त्या वेळी मुलगा सैन्य घेऊन बाहेर होता, म्हणजे मुलगाही कर्ता. चित्रांत रामदेवराव पांढऱ्या दाढीचा, थरथरणारा म्हातारा दाखवतात, ते तेव्हासाठी काही जुळत नाही. सनांमध्ये एखाद्या वर्षाचा फरक दिसला तर घाबरू नका. गतशक (सरलेली वर्षं मोजलेला) की वर्तमान शक (चालू वर्ष धरलेला), आणि तिथी पाडव्याच्या कुठल्या बाजूला, यावर तो येतो. १२९४ की १२९६ हा घोळ मात्र त्यातला नाही, तो फारसी तवारिखांमधला. जुन्या मराठी पुस्तकांत १२९४ सापडेल, तुम्ही १२९६ धरा.

आता एक आगाऊपणा. तुम्ही नमुना म्हणून जो उतारा टाकलाय त्यात देवगिरीच्या वेशीला झेंडूची तोरणं आहेत. झेंडू अमेरिकेतून आला. मिरची, बटाटा, मका, शेंगदाणा, पेरू, काजू, तंबाखू, सगळं तिकडचंच. सैनिकांच्या शिदोरीत भाकरी असू द्या, पण ठेचा नको. साबुदाण्याची खिचडी तर नकोच, ती मी एका पुरस्कारप्राप्त कादंबरीत वाचलीय. उताऱ्यात रामदेवराव गच्चीतून चांदमिनाराकडे बघतो. तो मिनार बहमनींचा आहे, पंधराव्या शतकातला. दौलताबादला गेलात तर आज दिसणाऱ्या तटांतलं आणि तोफांतलं काय नंतरचं आहे हे आधी नीट समजून घ्या. सरळ तासलेला कडा आणि कातळातली अंधारी (काळोखी भुयारी वाट) बघा, मन तिथेच रमेल.

पोशाख-दागिन्यांसाठी लांब जायची गरज नाही. यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वर आहे, पुण्याहून सोलापूर रस्त्यानं सकाळी निघून दुपारी जेवायला घरी. गाभाऱ्याभोवतीच्या भिंतीवरच्या बायकांच्या मूर्ती बघा, पुष्कळ फोडलेल्या आहेत पण केसांची रचना, कंबरपट्टे, दंडातले अलंकार शाबूत आहेत. नाकात नथ सापडते का तेही बघा, आणि सापडली तर इथे फोटो टाका, माझी कुणाशी तरी पैज लागलीय. श्रावणात सोमवारी जाऊ नका, मूर्तीऐवजी पाठी दिसतील. पुरुषोत्तमपुरीला गोदाकाठी जायचं असेल तर अधिक महिना टाळा, तेव्हा तिथे जत्रा असते.

पेशवाईबद्दल दोन शब्द. पुरालेखागारात रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत हे खरंय. पण तेवढेच ते वाचलेले वाचकही या गावात आहेत. नानासाहेबांनी अमुक तिथीला शालू कुणाला दिला हे चुकलं की आठवड्यात पोस्टकार्ड येतं. यादवांवर लिहिलंत तर निदान भांडायला माणसं कमी. (एखाद्या घराण्याच्या वंशजांचा फोन येऊ शकतो, तो वेगळा विषय. त्याबाबत वकिलाला विचारा, मला नको.)

तुमच्या त्या कार्यालयातला अर्ज मागे घेऊ नका, पडून राहू दे. माहिती अधिकारात टाकावा असं वर एकांनी सुचवलंय. माझा अनुभव असा नाही की त्यानं काही हलतं, पण त्यांचा असेल. तोवर पंचविसावा खंड उतरवून घ्या आणि अम्मणाचं प्रकरण लिहायला बसा. कच्चा खर्डा झाला की मला पाठवलात तर वाचेन, मार्चअखेर सोडून कधीही. फक्त युनिकोडमध्ये पाठवा, श्रीलिपीची फाईल माझ्याकडे उघडत नाही.