फिटच्या रुग्णांना स्वतःची काळजी घ्यायला शिकवायचंय, गावात सुरुवात कशी करावी?

चोपड्याकडच्या (जळगाव जिल्हा) गावासाठी विचारलंय म्हणून सांगतो, भाषणं नकोत. गोळ्या न्यायला रुग्ण येतात त्याच दिवशी गावच्या आशाताईंना (आरोग्य कार्यकर्तीला) घेऊन तासभर बसा. घरचं माणूस हवंच. फिट कशी आली ते त्यांनीच पाहिलेलं असतं. घरच्या कॅलेंडरवर गोळी घेतली की टिक, फिट आली की फुली. फुली दिसली की आदल्या दिवसाचं विचारा, बऱ्याचदा चुकलेली गोळी किंवा जागरण निघतं. आपल्याकडे कानबाईच्या सणाचा रात्रीचा जागर आहे, रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी देणंही आहे (तिथे विहीर, म्हणून एकट्याने नाहीच). फिट आली की कांदा-चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनानेच सोडणारे मात्र खूप भेटतील, जास्त वेळ त्यांना द्या.