गाडी तुमची, जागा पार्कची

प्रश्न : इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्केग्नेसजवळ एका हॉलिडे पार्कात चार वर्षं जुनी स्टॅटिक कॅरॅव्हान (एका जागी उभी ठेवलेली, राहायची गाडी) ३४,००० पौंडांना मिळते आहे. ३८ बाय १२ फूट, दोन बेडरूम. साइट फी, म्हणजे जागेचं भाडं, वर्षाला ६,२०० पौंड, गाडी तिथे ठेवायच्या लायसन्सची १२ वर्षं शिल्लक, पार्क मार्च ते नोव्हेंबर उघडं. मुलांच्या सुट्टीत पाच आठवडे आम्ही जाऊ, बाकी भाड्याने देऊ. ‘भाड्यातच खर्च निघतो’ असं विक्रेता सांगतो. घ्यावी का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : या हिशेबाने तरी नको. तुम्हाला हवे असलेले आठवडेच भाडेकरूंनाही हवे असतात. पार्क उघडं असतं त्या काळात शाळांना सुट्टी साधारण दहा आठवडे : उन्हाळ्याचे सहा, ईस्टरचे दोन, मे आणि ऑक्टोबरच्या हाफ-टर्मचा (सत्राच्या मधल्या सुट्टीचा) एकेक. पाच तुम्ही घेतलेत की भाड्याला पाचच उरतात.

ते समजा ७०० पौंडांनी गेले आणि एरवीचे सात आठवडे ३५०नी : एकूण ५,९५०. पार्कचं कमिशन २० टक्के धरलं तर १,१९० गेले, साफसफाई आणि चादरींचे दर वेळी ७० प्रमाणे ८४०. हातात ३,९२०. खर्चात साइट फी ६,२००, विमा ३००, गॅस-वीज ७००, गॅसची तपासणी आणि हिवाळ्याआधी पाणी काढून घेणं २५०, किरकोळ दुरुस्ती ४०० : ७,८५०. तूट ३,९३०. लायसन्स संपताना गाडीचे ४,००० आले असं धरलं, तर वर्षाला २,५०० घसाऱ्याचे. म्हणजे तुमचा एकेक आठवडा १,२८६ पौंडांना पडतो, आणि तशीच गाडी ७००ला भाड्याने मिळते! आमचे आकडे अंदाजाचे आहेत. त्यांच्या जागी पार्ककडून मागच्या दोन हंगामांची भाड्याची खरी पत्रकं मागून घ्या. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

लायसन्स सही करण्याआधी घरी आणून वाचा. भाड्याने द्यायची परवानगी आहे का, फक्त पार्कमार्फतच का, फी कशी वाढते, गाडीच्या वयाची अट काय. विकायला काढलीत तर पार्क १५ टक्के कमिशन अधिक व्हॅट घेऊ शकतं. २०,०००च्या विक्रीत ३,६०० तिथेच गेले. ही घरासारखी मालमत्ता नव्हे. तिथे कायम राहताही येत नाही.

भाड्याने द्यायची तर दर वर्षी ‘गॅस सेफ’ या गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसाकडून तपासणी, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि आगीच्या धोक्याचं लेखी मूल्यमापन लागतं. सुट्टीसाठी भाड्याने देण्याच्या (हॉलिडे लेटिंगच्या) खास करसवलती एप्रिल २०२५पासून बंद आहेत.

तरीही बघायला जाणार असाल तर शॉवरच्या दारासमोर टाच रोवून उभे राहा. जमीन दबली तर खालचा बोर्ड पाणी पिऊन फुगलाय. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत ओल मोजायचं मीटर लावा : १५ टक्क्यांखाली ठीक, २०च्या वर असेल तर सोडून द्या. मग वाकून चेसिस पाहा. समुद्राच्या खाऱ्या हवेत नुसत्या रंगवलेल्या चेसिसला गंज लवकर धरतो. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) असेल तर बरं.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये आमच्या कॅरॅव्हानचा पाण्याचा मुख्य कॉक बंद करून सगळे नळ उघडे ठेवले, तरी थंडीत शॉवरचा मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) फुटला. असं का?

उत्तर : नळ उघडले तरी थर्मोस्टॅटिक मिक्सरच्या पोटात आणि लोंबत्या होजमध्ये पाणी उरतंच. ते गोठून फुगतं आणि मिक्सर तडकतो. होज सोडवून टबात आडवी ठेवा, मिक्सरची मूठ गरम-गारच्या मधोमध करा आणि पायपांतून हवा मारा. बॉयलरचा ड्रेन वेगळा उघडावा लागतो. टॉयलेटची टाकी फ्लश करून तळाचं पाणी स्पंजने टिपा, सिंक-बेसिनच्या ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या पायपात) अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, ओता. मार्चमध्ये कॉक उघडण्याआधी मात्र सगळे नळ आणि ड्रेन बंद करा, होज जोडा. नाहीतर गालिचा भिजेल.