तळ्याच्या पाण्यातून लॅबमधल्या प्लेटवर वाढलेल्या बॅक्टेरियाच्या जांभळ्या कॉलनी (ठिपक्यासारखे पुंजके) सगळ्या एकाच जातीच्या असतात का?

नाही, रंगावरून जात ठरवू नका. जांभळा रंग दिसला की सगळे लोक क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा बॅक्टेरिया म्हणून मोकळे होतात, आणि उष्ण प्रदेशातल्या गोड्या पाण्यात तो खरंच खूप सापडतो, ॲमेझॉनच्या रिओ नेग्रो नदीत तर भरपूर, पण हेच जांभळं रंगद्रव्य, व्हायोलेसिन, जँथिनोबॅक्टेरियम पण बनवतो आणि तो वेगळाच जीनस (जातींचा गट) आहे. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडून हा रंग तयार होतो, त्याची पाच जीन्स एकाच ओपेरॉनमध्ये (एकत्र चालू-बंद होणाऱ्या जीन्सच्या गटात) असतात, त्यातलं एखादं बिघडलं तर कॉलनी पांढरी नाहीतर भलत्याच रंगाची दिसू शकते.

उलटंही होतं बरं का, जीन्स सगळी शाबूत असूनही रंग येत नाही. कारण क्रोमोबॅक्टेरियममध्ये हा रंग कोरम सेन्सिंगवर चालतो, म्हणजे पेशींची गर्दी झाली की सिग्नल रेणू साठतात आणि मगच जीन्स चालू होतात. सिग्नल बनवणारं जीन बंद केलेला पांढरा म्युटंट (जीन बदललेला बॅक्टेरिया) म्हणूनच लॅबमध्ये टेस्टर म्हणून वापरतात, दुसऱ्या बॅक्टेरियाचा सिग्नल मिळाला की तो जांभळा होतो (मला हा प्रयोग भारी आवडतो!). सेरेशिया या दुसऱ्या बॅक्टेरियाचा लाल रंगही तसाच बेभरवशाचा, ३७ डिग्रीला वाढवला तर बहुतेकदा फिका पडतो. कॉलनी पिवळ्या-केशरी असतील तर रंग बरेचदा कॅरोटेनॉइड (गाजरात असतात तसली रंगद्रव्यं), ते उन्हापासून वाचवतात, पण ते इतक्या गटांत आहेत की ओळखीसाठी जवळपास निरुपयोगी.

तेव्हा १६एस (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात ते जीन) सिक्वेन्स करा, आणि जवळच्या जाती वेगळ्या करायच्या तर अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए.