उंची दोन सेंटिमीटरनं कमी, आता कुठली भरती?

प्रश्न : काका, मी बेळगाव तालुक्यातला. मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी), मग पीयूसी (बारावी) पास. धावायला बरा आहे, पण उंची 166 सेंटिमीटर. कर्नाटकात पोलीस कॉन्स्टेबलला 168 लागते. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माझा मावसभाऊ 165 भरला, तरी तिकडच्या भरतीत मापात बसला. शेजारशेजारच्या तालुक्यांत नियम वेगळे कसे? व्यायामानं दोन सेंटिमीटर वाढतील का?
— एक वाचक, उचगाव परिसर

उत्तर : नाही वाढायचे. पोलिसात नोकरीत असताना बारला लोंबकळून आलेली कितीतरी पोरं मी पट्टीखाली उभी केलीत. सकाळी उठल्या उठल्या माणूस किंचित उंच भरतो, हे खरं. पण उन्हात रांगेत उभं राहून नंबर येईस्तोवर तेवढंही उतरतं. आणि टाच उचललीस तर पट्टीजवळचा हवालदार काही झोपलेला नसतो, गुडघ्यावर हात ठेवून दाबतोच.

आता नियमांचं. ‘पोलीस’ हा घटनेतल्या राज्यसूचीचा विषय, म्हणून भरतीच्या अटी ज्या त्या राज्यानं ठरवायच्या. गंमत अशी, की 1956 पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता आणि दोघांवर मुंबई राज्याचा 1951 चा पोलीस कायदा चालायचा. राज्य पुनर्रचनेत चंदगड तेवढा वगळून बाकीचा जिल्हा म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. इकडे 1963 चा कर्नाटकचा कायदा आला, तिकडे जुनाच पुढे महाराष्ट्राचा झाला. तुझे ते दोन सेंटिमीटर तिथून आले, बाबा.

पण उंचीपेक्षा मोठा फरक तू विचारलाच नाहीस. कर्नाटकात कॉन्स्टेबलची आधी लेखी परीक्षा, 100 गुणांची. 1600 मीटर साडेसहा मिनिटांत पळालास की धावण्यात पास. पाच मिनिटांत पळालास तरी गुण शून्यच, यादी लागते ती लेखीवर. महाराष्ट्रात उलटं. आधी मैदान, 50 गुणांचं, त्यात 1600 मीटरलाच 20. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलास तर वीसच्या वीस. मग लेखी 100 गुणांची, तीही मराठीत. धावणाऱ्या, मराठीत शिकलेल्या पोरानं कुठं जावं, हे मी वेगळं सांगायला नको.

तुला तिकडचा अर्ज भरता येतो का? येतो, पण गाव बघून. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांत पंधरा वर्षं राहिल्याचा तहसीलदारांचा दाखला असेल, तर तिकडच्या नोकरीला अधिवासाची आडकाठी येत नाही. वय 18 ते 28, मागास प्रवर्गाला 33. छाती न फुगवता 79 आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. धाकटी बहीण असेल तर तिलाही सांग. मुलींना तिकडे 155 चालते, इकडे 157 लागते.

इकडच्या पीएसआयच्या (फौजदाराच्या) नादी लागू नकोस, उंची तिथंही 168 च. शिवाय 2021 मध्ये झालेली 545 जागांची परीक्षा घोटाळ्यापायी रद्द होऊन 2024 च्या जानेवारीत पुन्हा घेतली गेली. मधल्या काळात पोरांची वयं निघून गेली.

माझं एक गाऱ्हाणं आहे. आमच्या खानापूरच्या पोलीस ट्रेनिंग स्कूलपासून हाकेवर मराठी गावं. म्हातारी ठाण्यात मराठीत रडत तक्रार सांगते, लिहिणारा कन्नडमध्ये उतरवतो, खाली तिचा अंगठा. सीमाभागात नेमायच्या शिपायाला मराठी कानावर पडलेली असावी, ही अट छातीच्या मापाशेजारी बसवायला काय हरकत होती? आणि तू इथंच राहणार असशील, तर कन्नड तुलाही पक्की हवी.

दाखल्याचा अर्ज जाहिरात यायच्या आधीच टाक, नंतर गर्दी उसळते. 2014 पासून सरकारी कागदांवर जिल्हा ‘बेळगावी’ आहे आणि तुझ्या जुन्या शाळेच्या दाखल्यावर ‘बेळगाव’ असेल. गावाचं नाव तरी सगळ्या कागदांवर आणि त्या 865 च्या यादीत सारखं आहे ना, हे बसून ताडून घे.