शैलींचा तक्ता आणि प्रत्यक्ष लढत : आपल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपण मुष्टियोद्ध्यांचे लढण्याच्या शैलीनुसार चार गट पाडून कोणता गट कोणत्या गटाला भारी पडतो याचा तक्ता केला आहे आणि तरीही क्लबमधल्या मुलांच्या लढतींचे अंदाज वारंवार फसतात, असे आपण लिहिले आहे. शिवाय स्पर्धेच्या कार्यालयाकडे जुन्या लढतींचे चित्रण मागितले, तर निकालाचा कागद तेवढा हातावर ठेवला जातो, हेही वाचले. या दोन्ही अडचणींतून मी गेलो असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. मी परवानाधारक प्रशिक्षक नाही. प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करून देण्याचे काम मात्र अनेक वर्षे केले आहे आणि पुढील मते त्या अनुभवापुरतीच आहेत. पैज लावण्यासाठी त्यांचा आधार कृपया घेऊ नये. जॅब, हुक, गार्ड यांची माहिती आपल्याला आहेच, त्यामुळे ती वगळतो.

माझे ठाम मत असे की, ‘अ’ने ‘ब’ला हरवले आणि ‘ब’ने ‘क’ला हरवले, म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवेल, ही साखळी बॉक्सिंगमध्ये पहिल्याच कडीला तुटते. १९७०च्या दशकातील हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनाचा गट याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. जो फ्रेझियरने ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये महंमद अलीला गुणांवर हरवले. जॉर्ज फोरमनने २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टनमध्ये त्याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये सॅन दिएगोत अलीचा जबडा मोडून लढत जिंकली, तर पुढच्याच वर्षी काराकासमध्ये फोरमनने नॉर्टनला दुसऱ्या फेरीत संपवले. साखळीवर विश्वास ठेवणाऱ्याला फोरमनसमोर अली उभाच राहणार नाही असे वाटले असते. प्रत्यक्षात ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अलीने त्याला आठव्या फेरीत बाद केले.

आपल्या तक्त्यात फ्रेझियर आणि नॉर्टन हे दोघेही ‘पुढे चाल करून येणारे’ याच रकान्यात बसतील, पण अलीला त्या दोघांनी दिलेला त्रास एकसारखा नव्हता. नॉर्टनच्या उजव्या हाताचा तळवा हनुवटीजवळ समोर उघडलेला असे, त्यावर तो अलीचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) झेलत असे आणि त्याच क्षणी स्वतःचा डावा जॅब सोडत असे. प्रशिक्षक एडी फच यांनी हेरले होते की, जॅब मारताना अलीचा उजवा हात संरक्षणाच्या जागी नसतो, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी जॅब मारला तर नॉर्टनचा लागतो आणि अलीचा झेलला जातो. हेच फच १९७१ मध्ये फ्रेझियरच्या चमूत होते. अली अपरकटसाठी (खालून वर मारलेल्या ठोशासाठी) उजवा हात खाली नेतो तेव्हा त्या बाजूचा चेहरा उघडा पडतो, ही त्यांची दुसरी नोंद. पंधराव्या फेरीत अलीला खाली पाडणारा फ्रेझियरचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) त्याच मोकळ्या जागेतून आला. हा अंदाज एका माणसाच्या एका सवयीवर बांधलेला होता. अली आणि नॉर्टन यांच्या तिन्ही लढती पूर्ण अंतरापर्यंत गेल्या, यावरून ती सवय किती खोलवरची होती ते समजते.

मग फोरमनसमोर हे दोघे का टिकले नाहीत? फ्रेझियर वाकत, डोके हलवत आत शिरत असे आणि फोरमन त्याला दोन्ही हातांनी ढकलून पुन्हा आपल्या ठोशाच्या अंतरावर उभा करत असे. खाली वाकलेले डोके अपरकटला आयतेच मिळत असे. नॉर्टनला पुढे सरकत लढणे जमे. त्याच्यापेक्षा जोरदार मारणारा त्याला मागे रेटू लागला की, त्याचे सारे गणित मोडत असे. एर्नी शेव्हर्स आणि गेरी कूनी या जोरदार मारणाऱ्या योद्ध्यांनी पुढे त्याला पहिल्याच फेरीत हरवले, तेव्हाही तेच दिसले. म्हणून मी प्रत्येक योद्ध्यासाठी पहिला प्रश्न हा लिहितो की, याला मागे रेटले तर याच्या हातात काय उरते.

किन्शासाबद्दल सर्वजण अलीने रिंगच्या दोरांना टेकून मार झेलल्याची गोष्ट सांगतात आणि ती खरी आहे, परंतु पहिल्या फेरीत अलीने जॅबची तयारी न करता थेट उजवे ठोसे मारले होते, याकडे दुर्लक्ष होते. शिवाय तो जवळ आल्यावर फोरमनची मान दाबून धरत असे, त्यामुळे फोरमनला ढकलण्यासाठी लागणारी जागा मिळेना आणि त्याची ताकद वाया जाऊ लागली. फोरमनला दम लागला तर काय होते, याचा पुरावा १९७७ मध्ये जिमी यंग या योद्ध्यानेही त्याला हरवून दिला.

वजनाकडेही लक्ष द्यावे. मेक्सिकोच्या हुआन मॅन्युएल मार्केझने फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओला चार लढतींत छळले आणि डिसेंबर २०१२ मध्ये एका उजव्या ठोशात बाद केले. पण २००९ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरने मार्केझवर एकतर्फी विजय मिळवला होता, तेव्हा मार्केझ आपल्या नेहमीच्या वजनगटापेक्षा बराच वर येऊन लढत होता, हे विसरून दोन शैलींची तुलना करणे योग्य नाही.

आता कार्यालयाबद्दल. मला सर्वांत महाग पडले ते हेच. एका स्पर्धेत आमच्या क्लबच्या मुलीची उपांत्य फेरीतील प्रतिस्पर्धी ठरल्यावर मी आयोजकांच्या कार्यालयात गेलो. रिंगशेजारी कॅमेरा लावलेला होता, तरीही चित्रण कार्यालयीन वापरासाठी असल्याचे सांगून मला परत पाठवण्यात आले आणि आधीच्या लढतीचा ‘५-०’ एवढाच निकाल दाखवण्यात आला. पाचही पंचांनी तिन्ही फेऱ्या अगदी निसटत्या दिल्या तरी निकाल ५-० असाच लिहिला जातो आणि प्रतिस्पर्ध्याने धुऊन काढले तरी तसाच. ती प्रतिस्पर्धी मुलगी डावखुरी आहे, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून लढते, हे कोणत्याही कागदावर नव्हते. आमची मुलगी सवयीने उजवीकडे सरकत राहिली, म्हणजे थेट त्या डाव्या हाताच्या वाटेत, आणि दोन फेऱ्या गेल्या. प्रवेशअर्जावर जन्मदाखला, वजन, वैद्यकीय प्रमाणपत्र हे सर्व मागतात. कोणता पाय पुढे ठेवून लढते, याची एक ओळ मागितली तर कोणाचे काय बिघडते, हे मला आजही समजलेले नाही. मुलांच्या वर्षभराच्या मेहनतीवर त्यामुळे पाणी पडते. माझा सल्ला असा की, कार्यालयावर विसंबू नये. प्रत्येक स्पर्धेत पहिल्या दिवसापासून एका पालकाला मोबाईलवर सर्व लढती, परवानगी असेल तर, चित्रित करण्याचे काम द्यावे.

चित्रण पाहताना आवाज बंद ठेवावा, कारण समालोचन ऐकून मत बनते. जिंकलेल्या लढतींपेक्षा अडचणीत गेलेल्या फेऱ्या पुन्हापुन्हा पाहाव्यात. प्रत्येक ठोशानंतर हात कोणत्या जागी परत येतो, एवढेच पाहून एक संपूर्ण फेरी काढावी. दुसऱ्यांदा पाहताना फक्त पाय पाहावेत.

आपल्या विद्यार्थ्याची पुढची लढत उंच डावखुऱ्या मुलाशी आहे, असे आपण शेवटी लिहिले आहे. दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतील आणि पुढचे हात एकमेकांत गुंततील, त्यामुळे जॅबवर फार भिस्त ठेवू नये. आपल्या मुलाने डावा पाय प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवून स्वतःच्या डावीकडे सरकावे, म्हणजे त्याचा उजवा सरळ ठोसा मधल्या रेषेवर येईल आणि समोरच्याचा डावा हात लांब राहील. त्या उंच मुलाला अंतर राखून लढू दिले तर उंची त्याच्या कामी येईल, म्हणून ठोसा मारून जागेवर थांबू नये, एक तर पूर्ण आत जावे किंवा पूर्ण बाहेर यावे. तो मुलगा दमल्यावर डावा हात खाली सोडतो की नाही, हे मात्र तिसऱ्या फेरीचे चित्रण मिळाल्याशिवाय मी सांगू शकणार नाही. मिळाले तर जरूर पाठवा, मी पाहून कळवतो.