फायब्रॉइडसाठी (गर्भाशयातल्या, कॅन्सरच्या नसलेल्या गाठींसाठी) गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढायला सांगितलेत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं का?

हो, नक्की घ्या. ऑपरेशन दहा दिवसांवर आलंय म्हणून तो विचार सोडू नका. तारीख पुढे ढकलायला एक फोन पुरतो.

तुम्ही लिहिलंय ते असं: वय ४३, पाळीत खूप जातं, हिमोग्लोबिन ८, सोनोग्राफीत सगळ्यात मोठी गाठ ६ सेंटिमीटरची, कॅन्सरचा संशय कोणी बोलून दाखवलेला नाही, आणि सल्ला मिळालाय तो गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयही काढून टाकण्याचा. शिवाय पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल ही धास्ती. मी डॉक्टर नाही. साधारण अशाच तक्रारीसाठी माझं ऑपरेशन झालंय, त्याआधी मी दुसरं मत घेतलं होतं आणि त्या काळात बरंच वाचलं, डॉक्टरांना बरंच विचारलं. त्या आधारावर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. दुसरं मत घेत बसू नये अशी काही दुखणी असतात. अंडाशयाला पीळ पडला, गर्भ नळीत राहून नळी फुटली, रक्तस्राव थांबेचना आणि चक्कर येऊन पडायची वेळ आली, तर समोर जे रुग्णालय असेल तिथे उपचार घ्यायचे. कॅन्सरचा संशय असेल तर दुसरं मत घ्यावं, पण ते काही दिवसांत, महिनोन्महिने नाही. तुमचं यांपैकी काहीच नाही. तुमचं ठरवून करायचं ऑपरेशन आहे. त्यातही हिमोग्लोबिन ८ असताना बहुतेक डॉक्टर आधी ते वाढवायचं बघतात, गोळ्यांनी किंवा शिरेतून लोहाचं इंजेक्शन देऊन. म्हणजे थोडा वेळ तसाही जाणार आहे. तो वापरा. मात्र दम लागणं, छातीत धडधडणं वाढलं किंवा तासातासाला पॅड बदलावं लागलं, तर न थांबता डॉक्टरांकडे जा.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते गर्भाशयाबद्दलचं नाही. खटकलं ते अंडाशयांचं. सोनोग्राफीत ती ‘नॉर्मल’ आहेत असं तुम्हीच लिहिलंय. फायब्रॉइड गर्भाशयात असतात. मग निरोगी अंडाशय कशासाठी काढायची?

याचं उत्तर बहुतेक वेळा ‘पुढे तिथे कॅन्सर व्हायला नको’ असं मिळतं. हा मुद्दा खोटा नाही, पण अर्धा आहे. पाळी नैसर्गिकरीत्या आपल्याकडे सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. ४३ व्या वर्षी दोन्ही अंडाशय काढली तर तीच गोष्ट एका दिवसात होते. अचानक गरम वाफा, झोप उडणं, योनीचा कोरडेपणा हे तर असतंच, पण खरी काळजी दूरची आहे, हाडं आणि हृदय यांची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४५ च्या आधी दोन्ही अंडाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं, विशेषतः ज्यांना नंतर इस्ट्रोजेन हे हार्मोन दिलं गेलं नव्हतं त्यांच्यात. म्हणून अंडाशय काढायचीच असतील तर ‘नंतर हार्मोन्स द्यायचे का, किती वर्षं?’ हा प्रश्न त्याच बैठकीत निघायला हवा. तो निघालाच नसेल तर चर्चा अपुरी झाली आहे.

घरात आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर मात्र चित्र बदलतं. अशा घरात बीआरसीए जनुकांची (ज्यांतल्या दोषामुळे या कॅन्सरचा धोका वाढतो) तपासणी करतात, आणि दोष सापडला तर साधारण ३५ ते ४५ या वयात, कुठल्या जनुकात दोष आहे ते पाहून, नळ्या आणि अंडाशय काढण्याचा सल्ला देतात. तो योग्यच असतो. पण तसं काही नसेल तर मधला मार्ग आहे. अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेचसे कॅन्सर मुळात गर्भनलिकेच्या टोकाला सुरू होतात असं आता मानलं जातं. त्यामुळे गर्भाशय काढताना दोन्ही नळ्या काढायच्या आणि अंडाशय ठेवायची, ही पद्धत रुळली आहे. मला पहिल्यांदा सगळंच काढायला सांगितलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन टाळलं नाही. माझ्या बाबतीत ते लागणारच होतं हे त्यांनी नीट पटवून दिलं, आणि अंडाशय मात्र ठेवली. दुसरं मत म्हणजे ऑपरेशन रद्द, असं बऱ्याच जणींना वाटतं. माझा अनुभव असा की ते कशाचं, किती आणि कुठल्या मार्गाने करायचं, हे त्यातून पक्कं होतं.

आता गर्भाशयाबद्दल. ‘६ सेंटिमीटर’ हा आकडा ऐकून माणूस घाबरतं, पण एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. गाठ कुठे आहे ते महत्त्वाचं. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी गाठ लहान असली तरी खूप रक्तस्राव करू शकते, आणि बाहेरच्या बाजूला वाढलेली मोठी गाठ पाळीत काही फरकही पाडत नाही. पोकळीतली गाठ पुष्कळदा योनीमार्गे दुर्बीण घालून, पोटाला एकही टाका न घालता काढता येते. तेव्हा पहिला प्रश्न हाच: माझा रक्तस्राव याच गाठीमुळे होतोय हे कशावरून? थायरॉइड तपासला का? आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतला का? तुमच्या वयात, औषधांनी फरक पडत नसेल तर अस्तराची बायॉप्सी न करता थेट ऑपरेशनकडे जाणं मला तरी पटत नाही. अस्तरात काही बिघाड निघाला तर ऑपरेशनचा सगळा आराखडाच बदलतो.

दुसरा प्रश्न: याआधी काय करून पाहिलं? रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं, लेवोनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारं साधन, गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढणं, आणि गाठींना रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून बंद करणं म्हणजे एम्बोलायझेशन. सगळं सगळ्यांना चालत नाही. पोकळीचा आकार बिघडला असेल तर ते साधन निसटून बाहेर येऊ शकतं. गाठी काढल्या तरी नव्या होऊ शकतात. मूल हवं असेल तर एम्बोलायझेशन सहसा सुचवत नाहीत. पण यांतलं काय तुमच्यासाठी बसतं आणि काय का बसत नाही, हे कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. एम्बोलायझेशन स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, त्यासाठीचं प्रशिक्षण घेतलेले रेडिओलॉजिस्ट करतात. त्यामुळे विचारल्याशिवाय त्याचं नाव निघेलच असं नाही.

‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलंय असं तुम्ही लिहिलंय. मला ते ऐकून वाईट वाटतं आणि रागही येतो. बाईच्या शरीरातला अवयव फक्त मुलांसाठी असतो, त्यानंतर तो फेकायच्या लायकीचा, असा त्याचा अर्थ होतो. गर्भाशय काढण्याचं कारण तुमचा त्रास असावा, तुमचं वय किंवा तुमची मुलं नव्हे. आणि उलटही तितकंच खरं: त्रास असह्य असेल, बाकीचे उपाय करून झाले असतील आणि तुम्हालाच यातून सुटायचं असेल, तर गर्भाशय काढण्यात काहीही कमीपणा नाही. ज्यांचं हे ऑपरेशन योग्य कारणासाठी झालं, त्यातल्या अनेकजणी नंतर खूप सुखात असतात. मीही आहे.

दुसरे डॉक्टर निवडताना पहिल्यांच्याच रुग्णालयातले किंवा त्यांनीच सुचवलेले नकोत, एवढं पाहा. दुर्बिणीतून आणि गर्भाशय वाचवून गाठी काढण्याची ऑपरेशनं जे नेहमी करतात असे मिळाले तर उत्तम, कारण जो उपाय स्वतः करता येतो तोच माणूस मोकळेपणाने सुचवतो. सोनोग्राफीचा नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, फिल्म किंवा सीडीही न्या. बायॉप्सी झाली असेल तर तिच्या स्लाइड मागून घ्या. त्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेता येतात, आणि निदानावरच शंका असेल तर हे दुसरं मत सर्जनच्या मताइतकंच मोलाचं असतं. किती दिवस जातं, दिवसाला किती पॅड लागतात, गुठळ्या पडतात का, हे लिहून न्या. गेल्या गेल्या ‘मला पिशवी काढायला सांगितलीय, बरोबर आहे का?’ असं विचारू नका. आधी त्रास सांगा, त्यांना तपासू द्या, त्यांचं म्हणणं ऐका, आणि मग पहिला सल्ला सांगा.

पहिल्या डॉक्टरांच्या रागाबद्दल: चांगल्या सर्जनला याची सवय असते. ‘निर्णय मोठा आहे, माझ्या समाधानासाठी आणखी एकदा दाखवून येते, मला रिपोर्टच्या प्रती द्याल का?’ एवढं म्हटलं की पुरतं. त्यावर कुणी चिडलं, घाबरवलं किंवा ‘मग इथे परत येऊ नका’ म्हणालं, तर त्यांच्या हातून ऑपरेशन करून घ्यायचं का, हा विचार तुम्ही जरूर करा.

दोन मतं जुळली नाहीत तर दोघांनाही एकच विचारा: तुम्ही कुठल्या तपासणीवरून असं म्हणता, आणि सहा महिने काहीच केलं नाही तर काय होईल? ज्यांचं उत्तर तुमच्या रिपोर्टकडे बोट दाखवतं, त्यांचं म्हणणं जास्त वजनाचं. ‘काय सांगता येतं, काहीही होऊ शकतं’ हे उत्तर नव्हे. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर एमआरआय करून तिसऱ्यांना दाखवायलाही हरकत नाही.

ऑपरेशन ठरलंच, आणि तेही दुर्बिणीतून, तर गर्भाशय बाहेर कसं काढणार ते विचारा. यंत्राने पोटातच तुकडे करून काढण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१४ साली इशारा दिला होता, कारण फायब्रॉइड समजलेली गाठ क्वचित कॅन्सरची निघते आणि तुकडे करताना तो पसरू शकतो. आणि संमतीपत्रावर भूल द्यायच्या खोलीबाहेर घाईत सही करू नका. आदल्या दिवशी मागून घ्या. काय काढायचं ते त्यात नावानिशी लिहिलेलं असू दे, आणि अंडाशय ठेवायची ठरली असतील तर ‘ऑपरेशनच्या वेळी अंडाशयात उघड दोष दिसला तरच काढावीत, एरवी नाही’ हे वाक्य डॉक्टरांशी बोलून त्यावर लिहून घ्या.